रुपये की पौंड?

लंडनच्या एका दुकानात थंडीचे कपडे घेतले. बिल बरोबर चाळीस पौंड. काउंटरवरच्या मुलीनं कार्डाचं मशीन माझ्यापुढं सरकवलं आणि पडद्यावर प्रश्न उमटला: रुपयांत देणार की पौंडांत?

खरं सांगतो, भरून आलं. आठ दिवसांत कानावर ओळखीचा शब्द नाही आणि हे वीतभर यंत्र आपल्या रुपयाची विचारपूस करतंय! बेळगावच्या माणसाला असला प्रश्न विचारूच नये. एटीएमच्या पडद्यावर भाषांची यादी आली की मी आधी मराठी शोधतो. असली तर हरखतो, नसली तर हिंदी दाबतो. आपलं काही दिसलं की बोट आपोआप तिकडं वळतं. तसंच वळलं. ४४८० रुपये.

संध्याकाळी लेकीनं पावती बघितली. "बाबा, काय केलंत हे? पौंड दाबायचं असतं की!"

मग कागदावर हिशेब मांडला. त्या दिवशी पौंडाचा भाव १०५ च्या आसपास, मशीननं मला लावला ११२. वरचे सात म्हणजे रुपयांत बदलून देण्याची मशीनवाल्यांची कमाई. पौंड दाबले असते तर माझ्या बँकेनं परकीय चलनाचा आकार म्हणून साडेतीन टक्के आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी घेतला असता. तरी रक्कम ४३७३ वर थांबली असती. आपलेपणाचे १०७ रुपये गेले. बेळगावची मिठाई म्हणजे कुंदा, त्या पावशेर कुंद्याचे पैसे! वर आणखी, रुपये निवडले तरी दुकान परदेशातलं म्हणून काही बँका वेगळा आकार लावतातच. तेव्हापासून मशीननं रुपयाचं नाव काढलं की मी परक्यासारखा वागतो.

बसची गोष्ट निराळी. आमच्याकडं बसमध्ये चढलं की कंडक्टरचं पहिलं वाक्य ठरलेलं, "चिल्लर कोड्री!" म्हणजे कानडीत, सुट्टे द्या. सुट्टे नसले तर तो तिकिटाच्या पाठीवर बाकी लिहून देतो आणि उतरायच्या गडबडीत आपण ती मागायला विसरतो. कधी तर शंभराची एक नोट अनोळखी दोघांच्यात देऊन म्हणतो, खाली उतरून वाटून घ्या. लंडनच्या बसमध्ये कंडक्टर नाही आणि २०१४ च्या जुलैपासून रोख पैसेही नाहीत. कार्ड टेकवायचं, टिंग वाजतं, भाडं वळतं होतं; तेव्हा ते १.७५ पौंड होतं. एका तासाच्या आत दुसरी बस धरली तर ती फुकट, हे मला फार आवडलं.

मी टेकवलं, टिंग झालं. बायकोसाठी तेच कार्ड पुन्हा टेकवलं तर लाल दिवा. एका कार्डावर एकच माणूस, असं ड्रायव्हरनं सांगितलं. आता हिचं कार्ड काढलं, तर ते परदेशात चालायला सुरूच केलेलं नव्हतं. २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, नवीन कार्ड फक्त देशात चालू असतं, बाहेरचा व्यवहार आपण होऊन सुरू करावा लागतो. नियम चांगला आहे, चोरट्यांना आळा बसतो. पण सुरू करायला ओटीपी लागणार, ओटीपी हिच्या फोनवर येणार आणि फोन बेळगावात, शहापूरला माझ्या ताईकडं. साडेपाच तासांचा फरक, तिकडं रात्रीचे साडेअकरा. ताईला झोपेतनं उठवलं. मेसेज आलाय म्हणाली, पण आकडे सांगायला साफ नकार.

"कुणालाबी सांगायचं नाही म्हणतात की टीव्हीवर!"

"अगं, मी तुझा भाऊ."

"आवाज काढतात म्हणे भावाचा."

शेवटी लहानपणी विहिरीत कोण पडलं होतं ते मी सांगितलं, तेव्हा कुठं सहा आकडे मिळाले.

रोख पैशांची हौस शेजाऱ्यांनी भागवली होती. निघताना त्यांनी वीस पौंडांच्या दोन जुन्या नोटा हातात ठेवल्या, "माझ्याकडं पडून आहेत, तुम्हाला होतील." कागदी नोटा त्या. ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत, आता प्लास्टिकच्या आल्यात. पण बँक ऑफ इंग्लंड तिच्या जुन्या नोटा कधीही बदलून देते. थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या तिच्या कचेरीत रांगेत उभा राहिलो. पासपोर्टवर जन्मगाव बेलगाम, फॉर्मवरच्या पत्त्यात मी लिहिलेलं बेळगावी. २०१४ च्या १ नोव्हेंबरला नाव बदललं ना. दोन्ही एकच का, असं काउंटरवरच्या माणसानं विचारलं. हो म्हणालो. रांगेत एवढंच उत्तर देता येतं.

त्या नोटा मोडता मोडता कोटाच्या खिशात नाणी साठली. नोटा विमानतळावर बदलून मिळतात, नाणी सहसा घेत नाहीत. ती तशीच गावी आली.

परवा तोच कोट घालून खानापूरच्या बसमध्ये चढलो. "चिल्लर कोड्री!" दहा रुपये कमी पडत होते. खिशात हात घातला आणि बाहेरनं सोनेरी, आतनं चंदेरी असं नाणं काढून पुढं केलं. दहाच्या नाण्यांची चौदाही रूपं चालतात, असं रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये सांगितलंय, पण आमच्या बाजारात ते अजून सगळ्यांच्या गळी उतरलेलं नाही. कंडक्टरनं धड बघितलंही नाही, परत माझ्या तळहातावर ठेवलं.

"दहाचं कॉइन नको. नडियंगिल्री." म्हणजे चालत नाही.

मी बघितलं. राणीचा चेहरा. दोन पौंड, म्हणजे दोनशे दहा रुपये. कंडक्टर पुढच्या बाकड्याकडं गेला होता.