कोअर पाऊच अपडेट: दोरी बॅगेला की अंगाला?

मंडळी, मागच्या अपडेटमध्ये कोअर पाऊच (पासपोर्ट, राखीव कॅश, पॉवर बँक असा हरवून चालणार नाही तो ऐवज ठेवायचा प्रवासी बॅगेतला छोटा पाऊच) फायनल झाला म्हणून लिहिलं होतं आणि पुढचा नंबर केबल्सचा लावला होता. केबल्सचं सध्या थांबवतेय, कारण कोअर पाऊच परत पहिल्यापासून करायला घ्यावा लागला. पण त्यातून जे हाती लागलंय ते आधीच्या सगळ्या व्हर्जन्सपेक्षा सरस आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

झालं काय, तर गेट चेक. केबिन बॅग साइजमध्ये, वजन ७ किलोच्या आत, बोट ठेवायला कुठे जागा नाही, पण विमान फुल्ल, वरचे कप्पे भरलेले, मग दारापाशी स्टाफने रांगेतल्या मागच्या लोकांच्या बॅगा टॅग लावून खाली पाठवायला सुरुवात केली. जागाच संपली की नियमात बसणारी बॅगही जाते. आणि बॅग खाली जाणार म्हटल्यावर पासपोर्ट, कॅश, औषधं आपण काढतोच, पण पॉवर बँक काढणं सक्तीचंच असतं, लिथियमची सुटी बॅटरी सामानाच्या होल्डमध्ये चालत नाही. आता माझा पाऊच कुठे होता तुम्हाला माहितीये: बॅगेच्या तळाशी, पाठीकडच्या बाजूला, कोटिंगवाल्या स्टीलच्या दोरीने शिवलेल्या लूपला अडकवलेला, स्क्रूवाला कॅरॅबिनर (कडीसारखा हूक), वर दोन क्यूब (कपडे भरायच्या चौकोनी पिशव्या). चोरीच्या हिशोबाने एकदम भक्कम. पण दारात तो काढायचा म्हणजे बॅग जमिनीवर आडवी, दोन्ही क्यूब बाहेर, हात कोपरापर्यंत आत घालून चाचपडत स्क्रू फिरवायचा, मागे माणसं खोळंबलेली, आणि तेवढा सगळा वेळ बॅग सताड उघडी नि ज्या पाऊचसाठी हा एवढा खटाटोप तोच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

म्हणजे मागणी अशी झाली की मी ओढला तर झटक्यात यावा आणि दुसऱ्या कुणी ओढला तर हलू नये. या एका वाक्याने बरेच आठवडे खाल्ले.

पहिला विचार अर्थातच क्विक रिलीजचा. कॅरॅबिनर काढला आणि मॅग्नेटिक बकल लावलं, एका हाताने उघडतं, टक्कन बसतं, वापरायला खरंच मजा येते. पण दोन गोष्टी आडव्या आल्या. एक म्हणजे हॉटेलच्या खोलीचं चुंबकीय पट्टीवालं कार्ड. त्यातल्या बऱ्याच कार्डांची पट्टी कमकुवत प्रकारची असते, लोहचुंबक जवळ राहिला की डेटा पुसला जातो (बँकेच्या कार्डाची पट्टी सहसा जास्त दणकट असते आणि चिपला तर काहीच होत नाही). दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. फोन त्याच बकलच्या शेजारच्या खिशात राहायचा आणि मॅप उघडला की आपण कुठे तोंड करून उभे आहोत ते दाखवणारा निळा झोत भलतीकडेच. लोकेशनचा ठिपका बरोबर, दिशा चूक. फोनमधला कंपास पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर चालतो, बाजूला चुंबक असला की तो गडबडतो, मग फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवून कॅलिब्रेट करायचा, आणि परत खिशात ठेवला की परत तेच. तुमच्यापैकी कुणाच्या स्लिंग बॅगेला मॅग्नेटिक बकल असेल आणि मॅप उलट्या दिशेला चालवत असेल तर आधी तिकडे बघा, ॲपला दोष देऊ नका.

मग वेलक्रो. आवाज येतो हा चोरीच्या बाबतीत चक्क फायदा आहे, पण धागे-केस धरून काही काळाने पकड जाते आणि ओढायची ताकद कमी-जास्त करता येत नाही. सोडून दिलं. साधं साइड रिलीज बकल चांगलं चाललं, पण बॅगेच्या तळाशी असेपर्यंत बकल कुठलंही लावा, वरचे क्यूब काढावे लागणारच. इथे ट्यूब पेटली. मी इतके दिवस हूक बदलत होते आणि अडचण जागेची होती. पाऊचच्या वर काहीही असता कामा नये, आणि तरी तो बाहेरून हाताला लागता कामा नये. बॅगेत अशी जागा एकच आहे, पाठीला चिकटणारा कप्पा, ज्याची चेन बॅग पाठीवर असताना आपल्या अंगाखाली दाबलेली असते.

चेनवरून थोडं विषयांतर करते कारण हे परत परत विचारलं जातं. कॉइलवाली नायलॉनची चेन, म्हणजे आपल्या जवळजवळ सगळ्या बॅगांना असते ती, साध्या बॉलपेनचं टोक खुपसून फाकवता येते. दोन्ही रनर एकमेकांना कुलूप घालून ठेवलेत तरी फाकते. वर कहर म्हणजे तेच जोडलेले रनर फटीवरून एकदा इकडून तिकडे सरकवले की चेन परत बंद होते आणि कुणी उघडली होती याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे रनर नुसते एकमेकांना जोडून उपयोग नाही, जोडलेले रनर बॅगेच्या कडेला शिवलेल्या एखाद्या लूपला बांधा, म्हणजे ते सरकत नाहीत आणि फाकवलेली चेन फाकलेलीच राहते, निदान लगेच कळतं. ज्या कुलपांना विमानतळाची मास्टर किल्ली लागते त्या किल्ल्यांच्या फोटोंवरून २०१५ मध्ये लोकांनी थ्रीडी प्रिंट करून चालणाऱ्या किल्ल्या बनवल्या होत्या, तेव्हा ते कुलूप रनर जागेवर राहावेत एवढ्यापुरतंच धरा. पाठीकडच्या कप्प्याला हा सगळा प्रश्न निम्म्याने कमी होतो कारण चालताना, रांगेत, गर्दीत पेन खुपसायला जागाच नाही.

तर व्हर्जन सध्या असं आहे. पाऊचला स्वतःची २० मिमीची पट्टी, क्रॉसबॉडी घालता येईल एवढी लांब. पट्टीचं एक टोक पाऊचला कायमचं शिवलेलं, दुहेरी टीप आणि वर आडवे दाट टाके. दुसऱ्या टोकाला हूक. पाठीच्या कप्प्यात पाऊच ठेवायचा, पट्टी बॅगेच्या वरच्या हँडलमधून ओवून परत कप्प्यात आणायची आणि हूक पाऊचलाच लावायचा. म्हणजे हूक कप्प्याच्या आत, चेन पाठीशी. कुणी पाऊच ओढला तर पट्टी हँडलला अडकते आणि अख्खी बॅग ओढावी लागते. मला काढायचा असेल तर चेन उघड, अंगठ्याने हूक सोड, ओढ, हूक परत लाव, खांद्यावर टाक. बॅग उभीच राहते, क्यूब हलत नाहीत, आतलं काही दिसत नाही. जी पट्टी दोरी होती तीच घालायचा पट्टा झाली. घरी डोळे मिटून करून बघितलं, जमतं. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा इतका आनंद झाला की उगाचच परत परत काढत-घालत बसले होते.

बसमध्ये किंवा वेटिंग हॉलमध्ये बॅग पाठीवरून उतरवली की हँडलमधली पट्टी तशीच ठेवून शिल्लक राहिलेला लूप मनगटात किंवा बेल्टच्या हुकात घालायचा. शीर्षकातल्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आलं: चालताना बॅगेला, बसल्यावर अंगाला.

पट्टीच्या कापडाबद्दल. आधी डायनिमा नावाच्या कृत्रिम धाग्याच्या बारीक दोरीचा मोह झाला होता, वजन नगण्य आणि ताकद प्रचंड. पण ती इतकी गुळगुळीत असते की साध्या गाठी ओढल्यावर सुटत जातात, गाठ नीट निवडायला लागते नाहीतर स्प्लाइस करायला (दोरीचं टोक दोरीतच विणून घ्यायला) लागतं, शिवाय खांद्यावर रुतते. नायलॉनची पट्टी ओली झाली की थोडी ताणते. पॉलिएस्टर कमी ताणतं म्हणून तेच घेतलंय. ब्लेडने कापली जाईल का, तर हो, कापली जाईल. पण हँडल आणि कप्पा यांच्यामध्ये पट्टीचा जेमतेम बोटभर भाग उघडा राहतो, त्यासाठी स्टीलचं वजन परत घ्यायला मन होत नाही.

वजनावरून आठवलं, अँटी-थेफ्ट म्हणून जे पाऊच मिळतात त्यांच्या आरएफआयडी ब्लॉकिंग अस्तराबद्दल (कुणी दुरून चिप वाचू नये म्हणून लावतात ते) माझं मत अजून तेच आहे, त्याची गरज नाही. पासपोर्टची चिप काही सेंटिमीटरवरूनच बोलते आणि आधी पासपोर्ट नंबर, जन्मतारीख आणि एक्सपायरी यातून बनणारी किल्ली मागते, म्हणजे पासपोर्टचं छापील पान वाचल्याशिवाय आतली माहिती देत नाही. त्या अस्तराच्या जागी घामासाठी एक वॉटरप्रूफ थर दिला असता तर जास्त कामाला आलं असतं. पाठीचा कप्पा म्हटला की घाम आलाच. माझा पासपोर्ट आणि बॅकअप कोड्सचा (फोन नसताना लॉगिन करायचे राखीव कोड) कागद सध्या झिपलॉकमध्ये आहे. पासपोर्ट १२५ × ८८ मिमी असतो, झिपलॉक त्यापेक्षा किंचितच मोठी घ्या, फार मोठी घेतली की घडी पडते आणि घडीवर फाटते.

आता उरलेली कटकट, पॉवर बँक. पाठीच्या कप्प्यात ती मणक्याला टोचते. स्लीपिंग मॅटचा उरलेला क्लोज्ड सेल फोम कापून मध्ये घातला, टोचणं थांबलं पण कप्पा फुगला. १०,००० एमएएचवर उतरावं का असा विचार चालू होता. हिशोब माहितीच आहे, एमएएचला ३.७ ने गुणा आणि १००० ने भागा, म्हणजे १०,००० ची ३७ वॉट-अवर आणि २०,००० ची ७४, दोन्ही विमानातल्या १०० वॉट-अवरच्या मर्यादेत (१०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते). मात्र तो वॉट-अवरचा आकडा बॅटरीवर वाचता आला पाहिजे, घासून पुसला गेला तर सिक्युरिटीला वाद घालावा लागतो. छापलेल्या जागेवर पारदर्शक टेप लावून टाका, मिनिटाचं काम आहे.

आणि हे लिहिता लिहिताच एक डोक्यात आलंय. पॉवर बँक कोअरमध्ये हवीच कशाला? दिवसभरात कोअर सगळ्यात जास्त वेळा कशासाठी उघडतो, तर चार्जिंगसाठी. दर वेळी पासपोर्ट आणि राखीव कॅशचं दर्शन. शिवाय २०२५ मध्ये काही एअरलाइन्सनी पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केलीये, म्हणजे ती तशीही सीटपाशीच लागणार. मग तिचा वेगळा छोटा पाऊच करायचा आणि तो त्याच पट्टीत ओवायचा, आगगाडीच्या डब्यांसारखा. पॉवर बँकचा डबा बॅगेच्या वरच्या तोंडाशी, कोअर पाठीशी, ओढली की दोन्ही एकदम बाहेर. चार्जिंगसाठी फक्त पुढचा डबा उघडायचा. फोमही जाईल. म्हणजे वर जे फोमबद्दल लिहिलं ते करायला घेऊ नका, आधी हे करून बघते.

ट्रॅकरची (हरवलेली वस्तू फोनवर शोधून देणारा एअरटॅगसारखा छोटा बिल्ला) जागाही बदलली. इतके दिवस तो कोअरमध्ये होता, पण कोअर अंगावर येणार असेल तर हरवू शकणारी गोष्ट म्हणजे बॅग, म्हणून तो आता बॅगेच्या तळाच्या अस्तराखाली, वर दोन टाके. आयफोनवाल्यांना आयओएस १८.२ पासून ट्रॅकरच्या लोकेशनची लिंक एअरलाइनला देता येते, ती सात दिवसांनी आपोआप बंद होते. अँड्रॉइडवाल्यांनी फाइंड हबमधलं (गूगलचं हरवलेल्या वस्तू शोधायचं ॲप) नेटवर्क सेटिंग बघा. डिफॉल्टला ते फक्त गर्दीच्या जागी काम करतं, तुम्ही ते 'सगळीकडे' केलंत तर दुसऱ्या कुणाची आडबाजूला पडलेली बॅग तुमच्या फोनमुळे सापडू शकते. प्लीज करा. एअरटॅगमध्ये सीआर२०३२ घालताना कडू कोटिंगवाला सेल टाळा, काही वेळा कॉन्टॅक्टच होत नाही. लहान मुलांनी गिळू नये म्हणून ते कोटिंग असतं, तेव्हा साधा सेल वापरलात तर सुटे सेल मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा.

ॲप्सचं थोडक्यात, कारण फार बदललं नाहीये. ऑफलाइन मॅप दोन ॲप्समध्ये डाउनलोड करून ठेवते, चालायच्या वाटांसाठी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ऑरगॅनिक मॅप्स मला सगळ्यात भरवशाचं वाटलंय. जीपीएसला डेटा लागत नाही, फक्त नेट नसताना पहिला फिक्स (आपली जागा पक्की कळणं) मिळायला वेळ लागतो, म्हणून उघड्यावर उभं राहून थोडं थांबा. जिथे चालतं तिथे ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर (लॉगिनचे कोड फोनवरच बनवणारं ॲप) लावलाय, दर तीस सेकंदांचे ते कोड नेटशिवाय बनतात, पण फोनचं घड्याळ बरोबर हवं, टाइम झोन हाताने बदलायच्या नादात वेळच चुकीची सेट झाली तर कोड चालत नाहीत. बॅकअप कोड्स कागदावर, कोअरमध्ये. फोन मात्र कोअरमध्ये नाही, दोन्ही एकदम जाता कामा नयेत. दुसरं बँक कार्डही फोनपासून लांब, आणि शक्यतो वेगळ्या कार्ड नेटवर्कचं (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरे).

पुढचं काम ठरलंय: पॉवर बँकचा डबा २१०डी रिपस्टॉपमध्ये (सहज न फाटणारं चौकटीच्या विणीचं कापड) शिवायचा आणि पट्टी ओवायला मागे दोन लूप. पट्टीवरून डबा घसरत खाली येऊ नये म्हणून लॅडरलॉक (पट्टी घट्ट-सैल करायचं प्लास्टिकचं बकल) लावावा की नुसता जाड टाका पुरेल हे ठरत नाहीये, लॅडरलॉक ओढताना हँडलमध्ये अडकेल अशी भीती आहे. कुणी एकाच पट्टीवर दोन पाऊच वापरत असेल तर लूपची रुंदी आणि मधलं अंतर नक्की सांगा, कापड कापायच्या आधी हवंय.