पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन : तीन खेळ आणि त्यांच्या मधल्या जागा

७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. स्प्रिंट ट्रायथलॉनचं अंतर एवढंच. ऑलिम्पिक अंतर याच्या बरोबर दुप्पट. नाव नोंदवलं तेव्हा सायकल आणि धावणं मला सहज जमत होतं, आणि टँकमध्ये थांबत थांबत का होईना, ७५० मीटर पुरं होत होतं. पण १२ आठवड्यांच्या तयारीत खरं शिकावं लागलं ते या तिघांच्या मधलं : टँकमधून उघड्या पाण्यात जाणं, ओल्या अंगानं सायकलवर बसणं, आणि सायकलवरून उतरल्या उतरल्या धावणं. नवख्यांचे हाल होतात ते तिथेच.

आठवड्याला साडेपाच-सहा तास पुरतात. दोन दिवस पोहणं, दोन दिवस सायकल, दोन दिवस धावणं, एक दिवस पूर्ण आराम. ज्यात आपण कच्चे त्याला तिसरा दिवस द्यावा, तोही ज्यात पक्के त्यातून काढून. मी तो धावण्यातून काढून पोहण्याला दिला.

पोहण्याची वाढ अशी ठेवली : पहिले तीन आठवडे ५० मीटरचे १० तुकडे, मध्ये २० सेकंद विश्रांती. पुढचे तीन आठवडे १०० मीटरचे ६, मध्ये १५ सेकंद. सातव्यापासून नवव्यापर्यंत २५० मीटरचे ३, मध्ये ३० सेकंद. दहाव्या आठवड्यात सलग ७५० आणि अकराव्यात सलग १०००. शर्यतीपेक्षा जास्त अंतर एकदा तरी पोहून झालेलं असावं, कारण उघड्या पाण्यात सरळ रेषेत कुणीच पोहत नाही. ७५० मीटरच्या मार्गावर प्रत्यक्षात ८००-८५० मीटर सहज होतात.

२५ मीटरच्या टँकमध्ये ७५० मीटर म्हणजे ३० फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला एक भिंत. भिंतीला पाय टेकवून ढकललं की तीन-चार मीटर आयते मिळतात, शिवाय हातांना दोन-तीन सेकंद उसंत मिळते. सगळ्या फेऱ्यांची बेरीज केली तर हे जवळजवळ १०० मीटर आणि मिनिटभराची विश्रांती झाली. उघड्या पाण्यात यातलं काहीच नसतं. म्हणून शेवटच्या चार आठवड्यांत आठवड्यातून एकदा मी भिंतीच्या दोन मीटर अलीकडेच वळायला लागले, भिंतीला हात-पाय न लावता. हा एक बदल केला की ३०० मीटरलाच दंड भरून येतात, आणि तेव्हा कळतं की आपली खरी तयारी किती आहे.

दम लागतो तो बहुतेक वेळा हवा कमी पडली म्हणून नाही, तर आत घेतलेली पुरती बाहेर सोडली नाही म्हणून. तोंड पाण्यात असेपर्यंत नाका-तोंडातून बुडबुडे सतत सुटले पाहिजेत. श्वास धरून ठेवला तर कार्बन डायऑक्साइड साठतो, मान वळवली की आधी सोडायचं आणि मग घ्यायचं अशी दोन्ही कामं अर्ध्या सेकंदात करावी लागतात, आणि दोन्ही अर्धवट होतात.

दिशा बघणं ही वेगळीच कला आहे. तळाला काळी रेघ नसते, पाणी गढूळ असेल तर स्वतःचा हातही दिसत नाही. दर आठ-दहा हातांनंतर फक्त डोळे पाण्यावर काढायचे, मगरीसारखे. हनुवटी पाण्यातच. पुढचं दिसलं की लगेच मान बाजूला वळवून श्वास. समोर बघतानाच श्वास घ्यायला गेलं तर डोकं उंच येतं, कंबर बुडते, आणि लाटेचं पाणी थेट घशात. वळणावरचा बोया, म्हणजे मार्ग दाखवणारा तरंगता फुगा, पाण्याला टेकलेला असतो, तो दोन लाटांच्या मध्ये गडप होतो. म्हणून आदल्या दिवशी किनाऱ्यावर उभं राहून बोयाच्या बरोबर मागची उंच खूण हेरून ठेवावी : झाड, मनोरा, टेकडीचा कडा. पोहताना त्या खुणेकडे बघावं. आपण कुठल्या बाजूला वाहत जातो तेही टँकमध्येच तपासता येतं. मोकळ्या लेनमध्ये डोळे मिटून सहा हात मारायचे आणि उघडून बघायचं. बहुतेकांचा एक हात जोरदार असतो आणि त्याच्या उलट दिशेला शरीर सरकतं.

आता सुरुवातीचे २०० मीटर. इथे नवखे घाबरतात आणि त्याला सरळ कारणं आहेत. थंड पाणी अंगाला लागलं की श्वास आपोआप जोरात आणि उथळ होतो. हा झटका दोन-तीन मिनिटांत ओसरतो, पण त्याच दोन-तीन मिनिटांत सगळे जण पहिल्या बोयाकडे तुटून पडतात. हात-पाय एकमेकांना लागतात, गॉगल सरकतो, आणि आपणही नकळत दीडपट वेगानं हात मारत असतो. उपाय आधीच करावे लागतात. परवानगी असेल तर शिट्टीच्या १० मिनिटं आधी पाण्यात उतरून तोंडावर आणि मानेवर पाणी घ्यावं, तोंड बुडवून दहा-बारा बुडबुडे सोडावेत. उभं राहताना सगळ्यात मागे आणि बाहेरच्या कडेला राहावं. शिट्टीनंतर १० सेकंद थांबून निघालं तरी काही बिघडत नाही. तरीही छाती आवळल्यासारखी झाली तर उताणं व्हायचं, किंवा ब्रेस्टस्ट्रोकवर यायचं, आणि लांब फुंकर सोडत श्वास परत जागेवर आणायचा. फ्रीस्टाइलच पाहिजे असा नियम नाही. बचावाच्या नावेला किंवा कयाकला धरून विश्रांती घेता येते, तिनं आपल्याला पुढे नेलं नाही म्हणजे झालं. मदत हवी असेल तर हात उंच करून हलवावा. आणि विश्रांती घेऊनही छातीत दुखत असेल किंवा श्वास बसत नसेल तर शर्यत तिथेच सोडावी, यात दुसरा विचार करू नये.

गॉगलचा पट्टा टोपीच्या आत ठेवावा, म्हणजे कुणाचा हात लागला तरी तो निघत नाही. वेटसूट, म्हणजे पोहताना घालायचा अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, चालतो की नाही हे पाण्याच्या तापमानावर ठरतं. वर्ल्ड ट्रायथलॉन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार वयोगटातल्या, म्हणजे हौशी, स्पर्धकांना १५०० मीटरपर्यंतच्या पोहण्यात पाणी २२ अंश सेल्सियसच्या वर असेल तर वेटसूट चालत नाही. इतर संस्थांची मर्यादा वेगळी असू शकते, म्हणून आपल्या शर्यतीचं नियमपत्रक वाचावं. वेटसूटमध्ये शरीर वर तरंगतं, पण खांद्यांना रेटा लागतो आणि गळ्याशी तो आवळतो. शर्यतीआधी किमान दोनदा तो घालून पोहायलाच हवं. मानेला मागून वंगण लावलं नाही तर कातडी सोलवटते. व्हॅसलीनसारखं पेट्रोलियम जेली वापरू नये, त्यानं वेटसूटचं रबर खराब होतं.

पाण्यातून बाहेर येताना हात तळाला लागेपर्यंत पोहत राहावं. कंबरभर पाण्यात चालायला लागलं तर पाय जड होतात आणि मागचे पोहणारे पुढे निघून जातात. शेवटच्या ५० मीटरमध्ये पाय थोडे जोरात मारले तर पोटऱ्यांत रक्त खेळतं, नाहीतर आडव्याचं एकदम उभं झाल्यावर डोकं गरगरतं. उभं राहिल्या राहिल्या वेटसूटची चेन उघडून तो कमरेपर्यंत खाली करायचा, चालता चालताच. आत पाणी असेपर्यंत तो सहज निघतो. जागेवर पोचून, थोडं सुकून, मग काढायला गेलं तर घोट्याशी अडकतो.

पोहण्याहून सायकलवर जाण्याच्या या जागेला टी-वन म्हणतात, सायकलहून धावण्यावर जाण्याच्या जागेला टी-टू. इथे जाणारा वेळही शर्यतीच्या वेळेत धरला जातो. सामान जितकं कमी तितकं डोकं शांत. मी मांडलं ते असं : सायकल रॅकला, हलक्या गिअरवर. हेल्मेट हॅण्डलवर उलटं, पट्टे उघडे आणि बाहेर सोडलेले, आत चष्मा. खाली चौघडी केलेला छोटा टॉवेल, त्यावर पुढे सायकलचे बूट, मागे धावायचे बूट, त्यांच्यावर टोपी. स्पर्धकाचा नंबर अडकवलेला कमरेचा पट्टा हेल्मेटखाली. बुटांच्या आत किंचित पावडर, म्हणजे ओले पाय सरकतात. धावायच्या बुटांना लवचिक लेस लावल्या तर गाठ मारण्याचं कामच राहत नाही. पायमोज्यांवर मात्र माझं मत ठाम आहे : आधीच्या सरावात बिनमोज्यांचं ५ किलोमीटर धावून झालं नसेल तर शर्यतीत मोजे घालावेतच. वाचलेल्या १५ सेकंदांपेक्षा टाचेवरचा फोड महाग पडतो.

आपली जागा लक्षात ठेवायला फुगा किंवा झेंडा बांधता येत नाही, नियमात खूण करायला मनाई आहे. रांगा मोजाव्या लागतात. शर्यतीच्या सकाळी चारही वाटा प्रत्यक्ष चालून बघाव्यात : पाण्यातून आत, सायकल घेऊन बाहेर, सायकल घेऊन आत, धावत बाहेर. सकाळी रॅक भरलेला असतो, आपण परत येतो तेव्हा तो निम्मा रिकामा असतो, त्यामुळे शेजारच्या लाल सायकलीची खूण उपयोगाची नसते.

एक नियम मोडला तर दंड ठरलेला : सायकलला हात लावण्याआधी हेल्मेट डोक्यावर आणि हनुवटीचा पट्टा बंद. परत आल्यावर सायकल रॅकला लागेपर्यंत पट्टा उघडायचा नाही. क्रम अंगवळणी पडावा म्हणून घराच्या अंगणातही मी हाच क्रम पाळला : हेल्मेट, चष्मा, पट्टा, बूट, सायकल. बसायचं ते माऊंट लाइनच्या पलीकडे जाऊन, आणि उतरायचं ते डिसमाऊंट लाइनच्या अलीकडे. लाइनवर गर्दी होते, म्हणून चार पावलं पुढे, कडेला जाऊन बसावं.

सायकल कुठलीही चालते, ब्रेक नीट हवेत आणि हॅण्डलच्या दोन्ही टोकांना बूच हवं. उघड्या नळीचं टोक पडल्यावर अंगात घुसतं, म्हणून तपासणीत ते आवर्जून बघतात. सीटची उंची साधारण ठरवायची तर टाच पॅडलवर ठेवावी, पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा सरळ झाला पाहिजे. हवा शर्यतीच्या सकाळी भरावी. आदल्या दिवशी गच्च भरून सायकल उन्हात ठेवली तर आतली हवा तापते आणि ट्यूब फुटू शकते. सीटखालच्या पिशवीत एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप. पंक्चर झाल्यावर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधायचाच, नाहीतर नवी ट्यूबही दोन मिनिटांत बसते. मागचं चाक काढून ट्यूब बदलण्याचा सराव किमान पाच वेळा झालेला असावा.

नवख्यांच्या शर्यतींत बहुधा दुसऱ्याच्या मागे वारा चुकवत सायकल चालवायला मनाई असते. अंतर १० ते १२ मीटर ठेवावं लागतं आणि त्या टापूत शिरलं तर ठराविक सेकंदांत ओलांडून पुढे जावं लागतं. कुणी आपल्याला ओलांडलं तर मागे पडण्याची जबाबदारी आपली. पहिली ५ किलोमीटर मुद्दाम हलक्या गिअरवर, मिनिटाला ८५-९० फेऱ्यांनी. पोहून आल्यावर नाडी आधीच चढलेली असते, त्यात जड गिअर घेतला तर मांड्या तिथेच संपतात. पाणी आणि खाणं याच टप्प्यात, कारण धावताना पोट ते घेत नाही. दर १५ मिनिटांनी दोन-तीन घोट. शर्यत दीड तासाच्या आसपास चालणार असेल तर सायकलवर ३० ग्रॅम साखर-कर्बोदकं पुरेत, जेलमधून किंवा बाटलीतून. सरावात घेतलं नाही ते शर्यतीत घ्यायचं नाही.

शेवटच्या किलोमीटरला गिअर हलका करून पाय भराभर फिरवायचे आणि उभं राहून पोटऱ्या ताणायच्या. तरी उतरल्यावर पाय लाकडी होतातच. सायकलवर मांड्या एका साच्यात गोल फिरत असतात, शरीराचं वजन सीटवर असतं. धावताना तेच वजन अचानक पायांवर येतं. याला उपाय एकच : सरावात सायकलनंतर लगेच धावणं, ज्याला ब्रिक म्हणतात. मी सहाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला एक ब्रिक केला, आधी १५ किलोमीटर सायकल आणि १ किलोमीटर धाव, शेवटी २० आणि ३. त्यात एक विचित्र गोष्ट कळते. आपण रांगतोय असं वाटत असतं आणि घड्याळात वेग नेहमीपेक्षा जास्त असतो, कारण सायकलवरचा वेग डोळ्यांत भरलेला असतो. म्हणून पहिलं किलोमीटर छोट्या पावलांनी, घड्याळ बघून, नेहमीच्या वेगापेक्षा किलोमीटरमागे १५-२० सेकंद हळू. लाकडीपणा साधारण एका किलोमीटरनंतर सुटतो. नंबर सायकलवर पाठीमागे, धावताना पुढे फिरवून घ्यायचा. हेडफोनला मनाई आहे.

पाण्यानंतरच्या टप्प्यांत दमलं तर थांबता किंवा चालत जाता येतं, म्हणूनच पोहणं आधी ठेवतात. सॅन डिएगोच्या मिशन बेमध्ये २५ सप्टेंबर १९७४ रोजी झालेली पहिली आधुनिक ट्रायथलॉन धावण्यानं सुरू झाली होती. आजचा क्रम सुरक्षिततेसाठी बरा : दमलेल्या माणसानं पाण्यात उतरू नये.

शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणला, वेगाचे छोटे तुकडे तेवढे ठेवले. सुरुवातीच्या तीन तास आधी खाणं उरकलं. वेळ मोजणारी चिप डाव्या घोट्याला, वेटसूट असेल तर त्याच्या आतून, म्हणजे तो काढताना चिप निघून पडत नाही.

शेवटची रेषा ओलांडल्यावर थांबू किंवा बसू नये, दहा मिनिटं चालत राहावं, नाहीतर रक्त पायांत उतरून चक्कर येते. चिप परत करायची. सायकल लगेच मिळत नाही. बाकीचे अजून मार्गावर असतात, म्हणून टी-टू मोकळं होईपर्यंत आत सोडत नाहीत, आणि नंबर जुळवल्याशिवाय सायकल बाहेर नेऊ देत नाहीत. तोपर्यंत अंगावरचा नंबर काढू नये. घरी आल्यावर वेटसूट गोड्या पाण्यात धुवून, उलटा करून, सावलीत वाळवायचा. आणि सायकलच्या चेनला त्याच दिवशी तेल, कारण ओल्या अंगाचं पाणी तासभर तिच्यावर ठिबकलेलं असतं.