माझे मेल कोण वाचून राहिलं?

2016 साली नागपूरच्या प्रताप नगरातल्या एका खोलीत मी आणि माझा मामेभाऊ बिलिंगचं सॉफ्टवेअर विकायला बसलो. मेल वाचणारा प्रोग्रॅम वगैरे डोक्यातही नव्हतं. वाडीतल्या एका ट्रान्सपोर्टवाल्या काकांकडे बिलिंग बसवायला गेलो, तर त्यांचे मुनीमजी मेल उघडून एक्सेलमध्ये टाईप करत होते. बुटीबोरी, हिंगण्याच्या कारखान्यांचे दिवसाला साठ-सत्तर मेल यायचे: माल कुठून कुठे, किती टन, गाडी किती वाजता लावायची. काका म्हणाले, "हे तुमच्या मशीनले वाचता नाही येत का रे?"

"येतं ना काका," मी म्हणालो. तोवर एकही मेल कोडमधून वाचला नव्हता.

काम तसं सोपं निघालं. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आयमॅपलिब, म्हणजे आयमॅप या पद्धतीनं मेल वाचायचं साधन, आयतंच मिळतं. मेल सर्व्हरच्या 993 पोर्टवर, म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर, जोडणी करायची, लॉगिन, इनबॉक्स निवडायचा, न वाचलेले शोधायचे आणि एकेक उचलायचा. दहा-बारा ओळी. मेल आणायची दुसरी पद्धत, पॉप3, याहून सोपी, पण ती म्हणजे पोस्टातून टपाल पिशवीत भरून घरी आणणं. आयमॅपमध्ये टपाल सर्व्हरवरच राहतं. मार्क क्रिस्पिन यांनी 1986 मध्ये स्टॅनफर्डला ते तयार केलं. वाचला, उत्तर दिलं, या खुणाही त्यात सर्व्हरवरच असतात, म्हणजे एकाने केलेली खूण सगळ्यांना दिसते.

त्याच खुणेनं आम्हाला पहिल्याच आठवड्यात पाडलं.

सकाळी साडेनऊला फोन. मुनीमजी ओरडतच होते, "माझे मेल कोण वाचून राहिलं बाप्पा?" रात्री आमच्या प्रोग्रॅमनं अकरा मागण्या उचलून यादीत टाकल्या होत्या. मेल पूर्ण मागवला की सर्व्हर त्याच्यावर 'वाचला' अशी खूण करून टाकतो. मुनीमजींचा हिशेब मात्र ठळक अक्षरांवर चालायचा: ठळक दिसतं ते बाकी, बारीक झालं ते झालं. त्या सकाळी काहीच ठळक नव्हतं, म्हणून ते निवांत तर्री-पोहे खायला गेले. तिकडे आमच्या यादीची प्रिंट निघालीच नव्हती. तीन गाड्या लागल्या नाहीत. पार्टीनं भाडं कापलं, ते आम्ही भरून दिलं. काकांनी नको म्हटलं नाही, आणि बरोबरच केलं.

दुरुस्ती एका शब्दाची होती. मागवताना 'पीक' लावायचं, म्हणजे डोकावून बघा, खूण करू नका. वर इनबॉक्सच 'फक्त वाचण्यासाठी' उघडायचा, म्हणजे चुकूनही काही बदलत नाही. मग वाचलेलं-न वाचलेलं कळणार कसं? त्यासाठी आमची वेगळी वही. तिच्यातही आधी आम्ही मेलचा क्रमांक लिहीत होतो, आणि मुनीमजींनी एक जाहिरात डिलीट केली की मागचे सगळे क्रमांक एकाने सरकायचे. आता यूआयडी, म्हणजे सर्व्हरनं मेलला दिलेला कायमचा क्रमांक, लिहितो, तो सरकत नाही.

मेलचं शीर्षक मराठीत असलं की कथा वेगळीच. शीर्षकात साधी रोमन अक्षरंच चालतात, म्हणून 'गाडी पाठवा' हे बेस64 मध्ये, म्हणजे रोमन अक्षरं-आकड्यांच्या सांकेतिक रूपात, गुंडाळून येतं. एक तुकडा 75 चिन्हांपेक्षा लांब नसावा, असा नियम. आता यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं साठवतो त्या पद्धतीत, देवनागरीचं एक चिन्ह तीन बाईटचं, आणि काही सॉफ्टवेअरं नेमकी त्याच्या पोटातूनच तुकडा पाडतात. वेगवेगळे उलगडले की मध्ये चौकोन. आधी बाईट जोडायचे, मग उलगडायचे, हे कळायला आम्हाला एक अख्खा मे महिना गेला. त्यात खोलीतला कूलर बंद.

30 मे 2022 पासून गूगलनं जीमेलच्या वैयक्तिक खात्यांत बाहेरच्या प्रोग्रॅमचं साध्या पासवर्डनं होणारं लॉगिन बंद केलं. सूचना आधीपासून येत होत्या, आम्हीच टाळलं. मग दोन दिवस स्कूटरवर वाडी, कळमना, इतवारी फिरून प्रत्येकाच्या फोनवर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून दिली आणि सोळा अक्षरी ॲप पासवर्ड काढून दिला. नव्या गिऱ्हाइकांना आता ओऑथच, म्हणजे पासवर्ड न देता गूगलकडूनच परवानगी. त्यांचा पासवर्ड आमच्याकडे नसलेलाच बरा, रात्री झोप लागते.

आज आम्ही सहा जण आहोत आणि बिलिंग कधीच सुटलं. दर मिनिटाला "आलं का, आलं का" विचारणंही सुटलं. आयमॅपची 'आयडल' ही आज्ञा लावून बसतो, नवा मेल आला की सर्व्हरच सांगतो. फक्त 29 मिनिटांच्या आत ते नव्यानं लावावं लागतं, नाहीतर जोडणी तुटू शकते.

मुनीमजी मात्र अजून सकाळी ठळक अक्षरं मोजून आमच्या यादीशी ताळा करतात. मागच्या मंगळवारी त्यांच्याकडे एक जास्त निघाला. कारखान्यातल्या कुणीतरी जुना मेल जोडपत्र म्हणून पाठवला होता, मेलच्या पोटात मेल, आणि मागणी आतल्या मेलमध्ये. मुनीमजींनी फोनवर एवढंच विचारलं, "हा तुमाले दिसला नाही का भाऊ?" मामेभाऊ आता तेच दुरुस्त करायला बसला आहे.