आधी कोणाचे पैसे द्यायचे?

प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो, पण असतो तो एकच. घरात कमावणारं माणूस एक, मुलं लहान, देणी फेडणं हाताबाहेर गेलेलं आणि दिवाळखोरीचा अर्ज करावा लागणार हे जवळजवळ ठरलेलं. अशा वेळी हातात येणाऱ्या पैशांतून आधी कोणाचे द्यायचे? मी दोन मुलांना घेऊन यातून गेले आहे, म्हणून लोक मला विचारतात. विचारताना आवाज खाली आणतात. तशी काही गरज नसते, पण ते असो.

आधी घर. त्यानंतर ज्या कर्जापोटी घरातली लागती वस्तू तारण आहे ते कर्ज. उरलं तर बाकीचे. एवढं साधं उत्तर आहे आणि जवळपास सगळे त्याच्या उलट वागतात, कारण पैसे जातात ते जो जास्त ओरडतो त्याच्याकडे. घरमालक महिनाभर गप्प बसतो. विजेचं बिल दारात पडून राहतं. कार्डाचा वसुलीवाला मात्र उठता-बसता फोन करतो. म्हणून कार्डाला पैसे जातात आणि भाडं थकतं. आता परिणाम पाहा. कार्ड थकलं तर कार्ड बंद होतं, व्याज वाढतं, फोन वाढतात, फार तर कोर्टाची नोटीस येते. भाडं थकलं तर मुलांची शाळा, त्यांची झोप आणि तुमची नोकरी तिन्ही एकदम हलतात. यादी लावताना मी प्रत्येक खर्चापुढे एकच गोष्ट लिहीत असे: हे या महिन्यात दिलं नाही तर पुढच्या महिन्यात घरातलं काय मोडेल? ज्याच्यापुढे ‘कोणीतरी चिडेल’ एवढंच लिहिता आलं, तो खाली.

एकट्या पालकाचं दिवाळं निघालं की कुठेतरी उधळपट्टी झाली असणार असं लोक धरून चालतात. त्यांना मी एक हिशेब दाखवते. वेगवेगळ्या आकाराच्या कुटुंबांच्या गरजांची तुलना करायला ओईसीडी या (मुख्यतः विकसित) देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या नावाने ओळखली जाणारी एक मोजपट्टी वापरतात. घरातल्या पहिल्या प्रौढ माणसाचा १, पुढच्या प्रत्येक प्रौढाचा ०.५ आणि १४ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचा ०.३. आई, वडील आणि दोन मुलं मिळून २.१. त्यातला एक प्रौढ वजा झाला की १.६. म्हणजे घराची गरज २४ टक्क्यांच्या आसपास घटते. मिळकत मात्र, दोघं सारखं कमावत असतील तर, ५० टक्क्यांनी घटते. मुलं कमी कमावणाऱ्याकडे राहिली तर त्याहून जास्त. अंथरूण पाहून पाय पसरा म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं की इथे अंथरूण निम्मं कापलं गेलंय आणि पाय जेमतेम पाव हिश्शाने आखडलेत. शिवाय मुलांना सांभाळण्याचा खर्च या पट्टीत वेगळा धरलेलाच नाही. दोघांत जे आपसूक निभावलं जात होतं ते आता विकत घ्यावं लागतं.

म्हणूनच ५०-३०-२० चं सूत्र या काळात कपाटात ठेवा. गरजांना ५०, हौसेला ३०, बचतीला आणि कर्ज फेडायला २० असं ते सूत्र लोकप्रिय करणाऱ्या एलिझाबेथ वॉरेन स्वतः दिवाळखोरी कायद्याच्या प्राध्यापक होत्या, याची मला जरा गंमत वाटते. सूत्र वाईट नाही, ते उभ्या असलेल्या घराचं आहे. मिळकत जितकी कमी तितका तिच्यातला अन्नाचा वाटा मोठा, हे अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच मांडलं होतं. तुमच्या मिळकतीतले नव्वद टक्के नुसत्या गरजांत जात असतील तर त्याची लाज बाळगू नका.

आता गरज कशाला म्हणायचं? छप्पर, अन्न, पाणी-वीज-इंधन आणि औषधं यावर कोणाचं दुमत नसतं. वाद होतो तो पुढच्या गोष्टींवर. पाळणाघर ही चैन आहे असं मला भल्याभल्यांनी ऐकवलंय. दोन पालक असलेल्या घरात ती सोय असेलही. एकट्या पालकाच्या घरात पाळणाघर बंद म्हणजे कामावर जाणं बंद, म्हणजे मिळकत बंद. कामावर जाण्याचं भाडं आणि साधा फोन यांचंही तेच. पैसा आणणारा खर्च अन्नाच्या रांगेत बसतो, चैनीच्या नाही. पाळणाघरवाल्या बाईंना मी सगळं आधीच सांगून टाकलं आणि फी महिन्याऐवजी आठवड्याला द्यायला लागले. त्यांनी ते सहज मान्य केलं. न सांगता थकवली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं.

विम्यावर लोक आधी कात्री लावतात. तिथे जरा थांबा. आरोग्य विमा सोडू नका. या स्थितीतल्या घराला एक आजारपण पुरतं. आयुर्विम्यातही दोन प्रकार वेगळे करा. फक्त मृत्यूनंतर रक्कम देणारा शुद्ध मुदत विमा स्वस्त असतो आणि ज्या मुलांना एकच पालक आहे त्यांच्यासाठी तो सगळ्यांत उपयोगाचा. बचत आणि विमा एकत्र बांधलेल्या, जड हप्त्याच्या पॉलिसीचं काय करायचं हे मात्र सल्लागाराला दाखवून ठरवा. ती मोडली तर किती हाती येतं आणि ती रक्कम धनकोंपासून, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांच्यापासून, सुरक्षित राहते की नाही, हे आधी कळायला हवं.

वर्षातून एकदाच येणारे खर्च महिन्याच्या यादीत दिसत नाहीत आणि नेमके तेच घात करतात. शाळेची पुस्तकं, गणवेश, विम्याचा वार्षिक हप्ता, चष्मा. त्यांची बेरीज करून तिला १२ ने भागा आणि तो आकडा दर महिन्याला बाजूला काढा. किराण्याचे पैसेही महिन्याचे न धरता आठवड्याचे धरावेत. आणि महिन्याचा पगार चारने नाही, पाचने भागावा. चारने भागला तर शेवटचे दोन-तीन दिवस उघडे पडतात आणि उसनवारी त्या दोन-तीन दिवसांतच होते.

कर्जांकडे वळू. सगळी कर्जं एका जातीची नसतात. तारण असलेल्या कर्जात वस्तू जाऊ शकते. ती वस्तू राहतं घर असेल किंवा ज्यावर पोट चालतं ते वाहन असेल तर तो हप्ता घरखर्चाइतकाच वर जातो. विनातारण कर्ज आणि कार्ड शेवटी. जामीनदार असलेलं कर्ज मध्येच कुठेतरी अडकतं आणि ते सगळ्यांत जास्त जिवाला लागतं. दिवाळखोरीतून तुमची सुटका झाली तरी जामीनदाराची आपोआप होत नाही. त्या माणसाला अर्जाआधी समोर बसवून सांगणं हे आपलं काम. त्याला ते वसुलीवाल्याकडून कळता कामा नये.

कार्डाची ‘किमान रक्कम’ भरत राहिलो म्हणजे आपण फेडतोय, हा मोठा भ्रम. समजा व्याज महिना ३ टक्के आहे आणि किमान रक्कम एकूण थकीत देण्याच्या ५ टक्के. १०० चं देणं. ५ भरले, ९५ राहिले, त्यावर व्याज चढून ९७.८५. पाच दिले आणि कर्ज सव्वादोननेही घटलं नाही. याच गतीने, नवी खरेदी एकही न करता, निम्मं कर्ज फिटायला ३२ महिने लागतात. दिवाळखोरी अटळ दिसत असेल तर हे पाच कोणाच्या ताटातून जात आहेत ते बघा. एकदा अर्ज करायचं ठरलं की कार्डावर नवा खर्चही करायचा नाही. फेडायचा इरादा नसताना घेतलेली उधारी फसवणुकीत मोडू शकते आणि फसवणुकीच्या देण्यातून सहसा सुटका मिळत नाही.

प्रेमापोटी आणि अब्रूपोटी होणाऱ्या गोष्टी मात्र कार्डापेक्षा महाग पडतात. भावाकडून घेतलेले आधी परत करू, बाकीचे गेले खड्ड्यात, असं कोणालाही वाटेल. पण बहुतेक कायद्यांना एका धनकोला झुकतं माप दिलेलं चालत नाही, आणि तो धनको नातेवाईक असेल तर कायदा आणखी मागे जाऊन पाहतो. अमेरिकेत इतरांच्या बाबतीत अर्जाआधीचे ९० दिवस तपासले जातात, घरच्यांच्या बाबतीत १ वर्ष. इंग्लंडमध्ये हेच ६ महिने आणि २ वर्षं. भावाला दिलेले पैसे त्याच्याकडून परत मागितले जाऊ शकतात. म्हणजे कर्ज तुमचं आणि नोटीस त्याला. घर किंवा ठेव मुलांच्या नावावर करून टाकणं हाही त्यातलाच प्रकार. असे व्यवहार रद्द होतात आणि तुमच्या प्रामाणिकपणावर प्रश्नचिन्ह लागतं ते वेगळं. निवृत्तीसाठी साठवलेला पैसा काढून कार्डं फेडणं हे तर मला पाहवत नाही. अनेक देशांत या पैशाला धनको हात लावू शकत नाहीत. तोच आपल्या हाताने काढून त्यांना द्यायचा आणि वर्षभरात दिवाळखोरीचाच अर्ज करायचा!

बँकेच्या खात्याकडेही बघा. ज्या बँकेचं कर्ज थकलंय तिथेच पगार जमा होत असेल तर बऱ्याच ठिकाणी बँक खात्यातली रक्कम थकबाकीत वळती करून घेऊ शकते. पगार दुसऱ्या बँकेत घ्या आणि ते खातं अर्जात नीट दाखवा, लपवू नका. आपोआप कापले जाणारे हप्ते कोणकोणत्या खात्यातून जातात याची यादी काढा. भाड्याच्या आदल्या दिवशी कोणत्या तरी विसरलेल्या वर्गणीने खातं रिकामं करावं, यासारखी चीड आणणारी गोष्ट नाही.

फोनवर काहीही कबूल करायचं नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला होता. त्यामागे कारण आहे. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. तेच शेतकरी उसाचे पैसे हाती येण्याआधी, ओढाताणीच्या काळात, विचारशक्तीच्या चाचण्यांत मागे पडले आणि पैसे आल्यावर त्यांची कामगिरी सुधारली. माणसं तीच, डोकं तेच, फक्त त्यातली बरीच जागा चणचणीने अडवलेली. दिवसभराचं काम, संध्याकाळी मुलांचा अभ्यास आणि त्यात एक फोन: ‘आत्ता थोडे टाका, निदान व्याज तरी थांबवू.’ त्या क्षणी माणूस हो म्हणून मोकळं होतं. माझं उत्तर ठरलेलं असे, ‘लेखी पाठवा, पाहून कळवते.’ निर्णय सुट्टीच्या दिवशी सकाळी, कागद समोर ठेवून. मुलांना फोन उचलायला लावायचं नाही आणि ‘आई घरी नाही म्हणून सांग’ हे तर मुळीच नाही.

मुलांना सांगावं का, असंही विचारतात. सांगावं. एकूण देणं किती हे नाही, काय ठरलंय ते. ही शाळा चालू राहणार, हा क्लास बंद, या वर्षी प्रवास नाही. आकडा ऐकून मूल रात्रभर जागं राहतं. ठरलेलं ऐकून रुसतं आणि मग झोपतं. त्यांच्या हातात मी थोडी रक्कम ठेवत असे, स्वतःच्या मर्जीने खर्चायला. सगळ्या हौसेवर काट मारलेला हिशेब कागदावर सुंदर दिसतो आणि दुसऱ्या आठवड्यात मोडतो.

दबक्या आवाजातला शेवटचा प्रश्न तुरुंगाचा असतो. नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम ११ म्हणतं की केवळ करारातली जबाबदारी पार पाडता आली नाही म्हणून कोणालाही तुरुंगात टाकता येणार नाही. ‘केवळ’ महत्त्वाचं: फसवणूक, लपवाछपवी, कोर्टाचा हुकूम मोडणं यांची गोष्ट वेगळी. मुलांच्या पोटगीचंही सहसा वेगळंच असतं, ती दिवाळखोरीने पुसली जात नाही. तुम्हाला ती येणं असेल आणि समोरचा दिवाळखोर झाला, तर मागणं सोडू नका.

मग अर्ज कधी करायचा? बहुतेक जण शेवटचा पैसा संपेपर्यंत थांबतात आणि मग कळतं की अर्जालाही पैसे लागतात. फी असते, कागदपत्रांच्या प्रती असतात, कामावरून एक-दोन दिवस सुट्टी, त्या दिवशी मुलांना कोण पाहणार त्याची सोय. जिथे मोफत कर्जसल्ला किंवा विधी सहाय्य मिळतं तिथे आधी जा, फी माफ होते का तेही विचारा. नाहीतर ही रक्कम आवश्यक खर्चाच्या यादीत औषधांच्या खालच्या ओळीत लिहा आणि पहिल्या महिन्यापासून बाजूला काढायला लागा. अर्जासोबत घरखर्चाचा तपशील मागतात. तुमची आठवड्याची यादी, पावत्या आणि वार्षिक खर्चाचा बारावा भाग काढलेला कागद हाच तो तपशील. माझा कागद किराण्याच्या वहीतून फाडलेला होता, कडेला लेकीने काढलेल्या मांजरासकट. तो तसाच घेतला गेला.