गणपतीच्या प्रवासाआधी: कुत्र्याला आलं द्यायचं ते असं

श्रावण संपत आलाय. आठवड्याभरात चाकरमान्यांच्या गाड्या कोकणात उतरू लागतील आणि कितीतरी गाड्यांत मागच्या सीटवर कुत्राही असेल. घाटाची वळणं सुरू झाली की तो जांभया देतो, ओठ चाटतो, तोंडाला लाळ सुटते. माणसांना वाटतं पेंगुळलाय. ही मळमळ असते, उलटी नंतर येते. दाभोळ-धोपावे खाडीच्या फेरीबोटीवर पाणी हलतं असेल तर तेच. पिल्लांना हा त्रास जास्त, कारण कानातला तोल सांभाळणारा भाग अजून पक्का झालेला नसतो. बरीच पिल्लं वर्षभरात यातून बाहेर पडतात.

या मळमळीवर आलं खरंच उपयोगी पडू शकतं. त्यातलं जिंजरॉल पोटातलं अन्न पुढे सरकायला मदत करतं आणि मळमळीचा निरोप पोचवणाऱ्या सेरोटोनिनची वाट काही प्रमाणात अडवतं. कॅन्सरवरच्या सिस्प्लॅटिनमुळे कुत्र्यांना होणाऱ्या उलट्या आल्याच्या अर्काने कमी झाल्याचं १९९७ मध्ये भारतीय संशोधकांनी दाखवलं. पण अ‍ॅपोमॉर्फिन या उलटी आणणाऱ्या औषधाने होणाऱ्या उलट्यांवर तोच अर्क चालला नाही. आम्हाला यातलं दुसरं वाक्य जास्त मोलाचं वाटतं. उलटी का होतेय हे कळल्याशिवाय आलं किसायला घेऊ नये.

आणि आपल्याकडे पावसाळ्यात उलटीची कारणं साधी नसतात. भातखाचरातून, गोठ्याच्या चिखलातून फिरणाऱ्या कुत्र्याला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होऊ शकतो: ताप, उलट्या, खाणं बंद, डोळे-हिरड्या पिवळ्या. लस न झालेल्या पिल्लाला रक्ताची हगवण आणि उलट्या एकत्र लागल्या तर पार्व्हो हा विषाणूचा आजार समजून लगेच दवाखाना गाठावा. मोठ्या छातीच्या कुत्र्याचं पोट टम्म फुगलंय, ओकाऱ्या काढतोय पण बाहेर काही पडत नाही, तर पोटाला पीळ पडलेला असू शकतो. तिथे मिनिटं मोजायची. यातल्या कुठल्याही वेळी आलं देत बसलं तर हातची वेळ जाते.

गोचीडतापात तर आलं नकोच. त्यात रक्तातल्या प्लेटलेट्स उतरतात आणि आलं रक्त गोठण्याची क्रिया थोडी मंद करू शकतं. याच कारणाने ऑपरेशन ठरलं असेल तर निदान आठवडाभर आधी आलं थांबवावं. रक्त पातळ करणारी, मधुमेहाची किंवा सांधेदुखीची औषधं चालू असतील, कुत्री गाभण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज देऊ नये.

आता माप. ताजं, घट्ट, न सुरकुतलेलं आलं घ्यायचं. या दमट हवेत कांड्याला बुरशी पटकन धरते. मऊ पडलेला भाग कापून उरलेलं वापरण्यापेक्षा अख्खं फेकावं. लागवडीसाठी ठेवलेलं बेणं तर चुकूनही नाही, त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. साल काढून बारीक किसायचं, कारण दोरे तसेच राहिले तर घशात अडकतात. साधारण १५ किलोपर्यंतच्या कुत्र्याला चहाचा पाव चमचा, तोही सपाट. त्याहून मोठ्याला जास्तीत जास्त पाऊण चमचा. पाच किलोच्या आतल्याला चिमूटभरच. सुंठीचं माप याला लावू नये: वाळताना जिंजरॉलचं शोगाओल होतं, ते अधिक तिखट असतं.

नुसतं आलं कुत्रा थुंकतो. उकड्या तांदळाची पेज, बिनमिठाची, दोन-तीन चमचे कोमट घ्यावी आणि त्यात किस कालवावा. निघण्याच्या साधारण अर्धा तास आधी हे द्यावं. पूर्ण जेवण मात्र तीन-चार तास आधीच उरकलेलं हवं. भरल्या पोटी घाट चढला तर आल्याचाही इलाज नाही. पहिला प्रयोग प्रवासाच्या दिवशी करू नये. दोन-चार दिवस आधी घरी चिमूटभर देऊन दिवसभर पाहावं. जास्त झालं तर पोटात जळजळ, वारा आणि पातळ शी होते, मग ती गाडीत निस्तरावी लागते. गाडीची भीतीच बसलेली असेल तर आलं काही करत नाही. ती सवयीनेच जाते: आधी बंद गाडीत बसवायचं, मग पाखाडीपर्यंत, मग बाजारापर्यंत.

सांधेदुखीसाठीही लोक आलं देतात. कुत्र्यांमध्ये त्याचा ठोस पुरावा फारसा नाही, वजन उतरवलं तर फरक जास्त पडतो. हृदयातल्या जंतांवर आलं चालतं असंही सांगितलं जातं. तो प्रयोग अर्काच्या इंजेक्शनांचा होता, पेजेतल्या किसाचा नव्हे. हे जंत डासांमार्फत पसरतात, तेव्हा डासांच्या या पट्ट्यात त्यांची गोळी चुकवू नये.

घरात आलं म्हणून जे जे असतं ते सगळं कुत्र्याचं नाही. आलं-लसूण वाटणात लसूण असते आणि ती त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडते. आलेपाक म्हणजे साखर. आल्याचा चहाही नको, त्यात कॅफिन आहे. आंबेहळद आल्यासारखी दिसते, तेव्हा कांडं मोडून वास घ्यावा, कैरीसारखा आला तर ती आंबेहळद. आणि मोदकाच्या सारणातलं जायफळ आणि बेदाणे दोन्ही कुत्र्याला घातक आहेत, तेव्हा नैवेद्याचं ताट त्याच्या तोंडाला लागणार नाही इतक्या उंचीवर ठेवावं.