आजोबांच्या कापशी चपलांसाठी कारागीर शोधताना

आमच्या घरात आजोबांच्या कापशी चपलांचा, म्हणजे कोल्हापुरी चपलेच्या एका प्रकाराचा, एक जोड आहे. त्यांनी तो लग्नात घातला, पुढे सणासुदीला वापरला आणि ते गेल्यावर आजीने धोतराच्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवून दिला. यंदा मी तो बाहेर काढला तेव्हा उजव्या चपलेचा अंगठा, म्हणजे पायाचा अंगठा अडकवायची कडी, तुटलेला होता, टाचेजवळ तळाचे थर एकमेकांपासून सुटले होते, एका कानाची, म्हणजे पट्टा जिथे जोडतात त्या बाजूच्या पाकळीची, कड कुरतडल्यासारखी झाली होती आणि पट्ट्यावरची वेणी अर्धीअधिक उसवली होती. कातडे मात्र, कोरडे पडले असले तरी, जिवंत वाटत होते. हा जोड योग्य हातांत द्यायचा, एवढे मी मनाशी पक्के केले. ते योग्य हात ओळखायचे कसे, याविषयी जे समजले ते इथे सविस्तर लिहीत आहे, कारण असे जोड अनेक घरांत पडून आहेत आणि चुकीच्या दुरुस्तीने त्यांचे होणारे नुकसान पुन्हा भरून येत नाही.

पुण्यात बुटांची उत्तम दुरुस्ती करणारे लोक आहेत आणि त्यांच्या कौशल्याविषयी मला आदर आहे. परंतु त्यांचा रोजचा संबंध येतो तो क्रोमियमचे क्षार वापरून कमावलेल्या कातड्याशी. जुनी कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात दीर्घकाळ मुरवून कमावलेल्या कातड्याची असते, तिला खिळा नसतो आणि तिची सगळी शिवण कातड्याच्याच वादीने, म्हणजे दोरीसारख्या बारीक पट्टीने, घातलेली असते. मी जिथे जिथे विचारले तिथे सुटलेले थर सोल्यूशनने चिकटवून वरून रंगाचे पॉलिश मारण्याचा सल्ला मिळाला. असे सोल्यूशन कालांतराने कडक होते आणि पुन्हा सोडवायची वेळ आली की त्याच्याबरोबर कातड्याचा थरही निघून येतो, तर रंगाच्या पॉलिशमुळे जुन्या कातड्याचा वर्षानुवर्षे तेल पिऊन आलेला रंग कायमचा झाकला जातो. म्हणून माझे मत असे झाले की हे काम तशी चप्पल तळापासून गोंड्यापर्यंत स्वतः घडवणाऱ्या माणसाकडेच द्यावे.

असा माणूस शोधायला कोल्हापूरला जाणे स्वाभाविक होते, कारण कापशी हे नावच कागल तालुक्यातील सेनापती कापशी या गावावरून आले आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांना मिळून आहे आणि त्यात आपल्याकडील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर, तर तिकडील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर असे एकूण 8 जिल्हे येतात. त्यामुळे ज्यांना अथणी किंवा निपाणी जवळ पडते त्यांनी तिकडे चौकशी करायला काहीच हरकत नाही. कातडे कमावणारा ढोर समाज आणि चपला घडवणारा चर्मकार समाज यांची ही पिढीजात विद्या आहे, राजर्षी शाहू महाराजांनी तिला आश्रय दिला, आणि आजही ती प्रामुख्याने घराघरांतूनच चालते.

कोल्हापुरात चप्पल लाइन या चपलांच्या बाजारात दुकाने आहेत, पण तिथे बसलेला माणूस बहुतेक वेळा विक्रेता असतो. घडवणारे हात सुभाषनगर, जवाहरनगर अशा वस्त्यांत असतात. दुकानात ‘दुरुस्ती कोण करतो?’ असे विचारल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीकडे बोट दाखवले जायचे. ‘हातची कापशी वादीने शिवणारे आता कोण उरले आहे?’ असे विचारायला लागल्यावर मात्र उत्तरे बदलली, आणि एका वयस्क दुकानदारांनी जोड हातात घेऊन, उलटसुलट पाहून मला एका घराचा पत्ता सांगितला.

तिथे भेटलेल्या मामांनी जोड पाहिल्यावर भाव सांगितला नाही. त्यांनी आधी विचारले, “ताई, ह्ये पायताण पायात घालायचं हाय, का नुसतं जपून ठेवायचं?” माझ्या दृष्टीने कारागिराची परीक्षा या एका प्रश्नात झाली, कारण पुढचे सगळे काम त्याच्या उत्तरावर ठरते. पायात घालायची असेल तर तळाला नवा थर लावावा लागतो आणि अंगठा सबंध बदलावा लागतो, जपून ठेवायची असेल तर जेवढे सुटले आहे तेवढेच बांधायचे असते. मी जपून ठेवायची आहे असे सांगितले.

मग त्यांनी तळाच्या कडेवरून हाताचा अंगठा दाबून फिरवला आणि बोटाला लाल भुकटी लागते का ते उजेडात पाहिले. साली-हिरड्याने कमावलेले कातडे फार जुने झाले आणि दूषित हवेत राहिले की आतून सडून लाल भुकटी सोडू लागते, आणि तसे झाले की ते पूर्ववत करता येत नाही, उलट पाणी लागताच काळे आणि कडक पडते. आमच्या जोडाला फक्त कुरतडलेल्या कानाजवळ किंचित भुकटी होती. तो भाग ओला करायचा नाही आणि त्याला तेलही लावायचे नाही, असे त्यांनी तिथेच सांगून टाकले. काय करणार नाही हे आधी सांगणारा कारागीर मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

काम पाहण्याची त्यांनी मला परवानगी दिली. कुजलेली वादी त्यांनी ओढून काढली नाही. रापीच्या, म्हणजे कातडे कापायच्या हत्याराच्या, टोकाने तिचे तुकडे करून एकेक तुकडा भोके पाडायच्या आरीने अलगद बाहेर ढकलला. नवी वादी भिजवून, पिळून, जुन्याच भोकांतून ओवली. नवे भोक पाडले की कड तेवढी कमजोर होते आणि पुढे त्याच रेषेत फाटते, म्हणून एक भोक चिंबले होते तिथेही त्यांनी शेजारी दुसरे पाडले नाही, वादीच थोडी बारीक केली. ओली वादी वाळताना आकसते आणि थर आपोआप आवळले जातात. टाचेजवळची फट अशीच मिटली, चिकटवण्याचे काहीही न लावता. अंगठ्याला आतून एक ठिगळ दिले, त्याची कड रापीने इतकी पातळ सोलली की बोट फिरवले तरी सांधा लागत नाही, आणि ते मैद्याच्या खळीने बसवले, म्हणजे पुढे कधी काढायचे झाल्यास ओलाव्याने सुटेल. वेणीचे काम त्यांच्या घरच्या मावशींनी केले. बकऱ्याच्या कातड्याच्या बारीक पट्ट्या त्या ज्या वेगाने गुंफत होत्या, तो पाहण्यासारखा होता. या व्यवसायातील वेणी-गोंड्याचे बरेचसे नाजूक काम बायकाच करतात आणि त्यांची नावे कुठल्याही पाटीवर नसतात, याची खंत मला तिथे बसल्या बसल्या फार वाटली.

ठिगळासाठी जुळते कातडे मिळणे हीच खरी अडचण होती. महाराष्ट्रात 2015 मध्ये बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आल्यापासून बैलाचे कातडे जवळपास मिळेनासे झाले आहे आणि नव्या चपला प्रामुख्याने म्हशीच्या कातड्यावर चालतात. मामांनी मोडीत निघालेल्या जुन्या चपलांचे तुकडे एका डब्यात जपून ठेवले आहेत आणि आमच्या अंगठ्याचे ठिगळ त्यातूनच निघाले. कोणाकडे अगदीच कामातून गेलेली जुनी चप्पल असेल तर ती फेकून न देता अशा कारागिराला द्यावी, ही माझी मनापासून विनंती आहे.

मजुरीविषयी स्पष्ट लिहिते. या कामाला नव्या जोडापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून नव्या जोडाच्या किमतीपेक्षा कमी पैसे देणे मला रास्त वाटले नाही. मामांनी सांगितलेली रक्कम त्याहून कमी होती, ती मी वाढवून दिली आणि मावशींच्या कामाचे पैसे त्यांच्या हातात वेगळे दिले. दुरुस्तीच्या कामात घासाघीस केली की पुढचा जोड तो माणूस हातातच घेणार नाही.

आता हा जोड धुतलेल्या सुती कापडात, पुठ्ठ्याच्या खोक्यात, कपाटाच्या मधल्या फळीवर आहे. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडून बुरशी धरते, म्हणून पिशवी टाळली आहे, आणि उन्हात वाळवणेही वर्ज्य आहे. आकार टिकावा म्हणून पट्ट्याखाली कापडाच्या सैल गुंडाळ्या ठेवल्या आहेत. कोणते भाग नवे आहेत, वादी कुठून कुठपर्यंत बदलली आणि खळ कशाची आहे, हे एका कागदावर लिहून खोक्यात ठेवले आहे, म्हणजे पुढे ज्याच्या हातात हा जोड जाईल त्याला अंदाज बांधावा लागणार नाही. तेल घरी लावायचे नाही, दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की एकदा आणून दाखवायचे, असे मामांनी निघताना बजावले आहे.