आज वाऱ्याने छान शिकवलं

आज दुपारी पुण्यात बालेवाडीच्या पन्नास मीटर रायफल शूटिंगच्या रेंजवर वारा क्षणाक्षणाला दिशा बदलत होता. वाऱ्याची दिशा दाखवणारा जवळचा झेंडा डावीकडून ताणलेला, टार्गेटजवळचा मात्र मरगळून लोंबतोय. कोणाचं ऐकायचं?

इथे टार्गेटच्या मधल्या, दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त १०.४ मिलिमीटर. पॉइंट टू-टूची (०.२२ इंची) गोळी हलकी, साधी झुळूकही तिला नऊमध्ये नेऊन टाकते. मग एकतर नेम सरकवायला साइटचे (नेम धरायच्या भागाचे) क्लिक फिरवायचे, नाहीतर आपला, म्हणजे ज्यावर साइट लावलीय तो वारा परत येईपर्यंत थांबायचं. मला थांबणंच पटतं. रायफल खांद्याला, गाल स्टॉकवर (रायफलच्या दस्त्यावर), बोट ट्रिगरवर. झेंडा हवा तसा वळला नाही की सरळ रायफल खाली घ्यायची, श्वास घ्यायचा, पुन्हा मांडायचं. घड्याळ पळतच असतं, म्हणून हे फार जड जातं.

बालेवाडीतच सराव करणाऱ्या आपल्या नेमबाज स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य जिंकलं, तेव्हा ऊर भरून आला होता. त्या गुणांमागची मेहनत अशा दुपारी खरी कळते.

रेंजवर नव्याने येणाऱ्या मुलांनो, शॉट झाला की लगेच गुण दाखवणाऱ्या स्क्रीनकडे वळू नका. आधी झेंडा बघा, मग गुण.